सही न झालेला रिपोर्ट

मशीनमधून आलेला कागद नम्रताने दोनदा वाचला. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक दोन. तक्रारीला जागाच नव्हती. पण चार ओळी खाली एमसीएचसी होता चाळीस.

लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाटीने भरलंय, हे सांगणारा तो आकडा. बत्तीस ते छत्तीसच्या दरम्यान राहणारा. खाली घसरला तर बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. पण चाळीस? माणसाच्या पेशीत एवढं मावतच नाही. म्हणजे मशीन फसलं होतं.

रक्त आचरा गावच्या सुगंधा नावाच्या बाईचं होतं. वय पंचेचाळीस, उद्या सकाळी गर्भपिशवीचं ऑपरेशन. रिपोर्ट न्यायला ती नवरा बाबूसोबत बाहेर बाकावर बसली होती.

नम्रताने नळी यंत्रात गरगर फिरवून पेशी तळाला बसवल्या. वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं. दिसला नारळाच्या पातळ रसासारखा पांढरा थर. रक्तात चरबी उतरली होती. हिमोग्लोबिन मोजताना मशीन त्यातून उजेड सोडतं. तो या गढूळपणाने अडला आणि आकडा फुगला.

एवढ्यात लॅबचा मालक गुरुदास आत आला.

"रिपोर्ट झालो मां? सही कर आणि दी."

"दादा, एमसीएचसी चाळीस इला. परत लावूक व्हया."

"एमसीएचसी कोण वाचता गो? डॉक्टर हिमोग्लोबिन बघतत. बारा आसा, झाला."

"ताच खोटा आसा."

"दुपारपर्यंत देतंय म्हणून मी हॉस्पिटलात सांगलंय. सही करूची नसली तर उद्यापासून येव नको."

फोंडाघाटातून येऊन मालवणात खोली घेतल्याला तिला चार वर्षं झाली होती, आणि दुसरी नोकरी काही हाताशी नव्हती.

"बरा, नाय येवचंय," ती म्हणाली. "पण ह्या सॅम्पल आज माझ्याकडे आसा."

तिने वरचा पांढरा थर मोजून काढला, तेवढंच सलाइन घातलं, नळी हळूहळू कलती करून ढवळली आणि पुन्हा मशीनला लावली. गुरुदास कमरेवर हात ठेवून मागे उभा. कागद आला. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार. एमसीएचसी तीसच्या जरा वर.

"नऊ सांगलंस तर ऑपरेशन पुढे जातला," गुरुदास चिडून म्हणाला. "मगे हॉस्पिटलाचे पेशंट आपल्याकडे कित्याक येतले?"

"कोणाचा नऊ?"

दारात सुगंधा उभी होती.

नम्रताने तिला दोन्ही कागद दाखवले. कोणता का खोटा, ते सोप्या शब्दांत सांगितलं. आत रक्त कमी असताना ऑपरेशनला निजायचं आणि वर आणखी रक्त जायचं, हेही सांगितलं.

मागून बाबू कुरकुरला, "काजूचे दिवस. हिच्या जाग्यार कामाक माणसांका सांगान ठेवलंय. आता परत सगळा पुढे?"

सुगंधा गर्रकन वळली. "म्हयन्यातले धा दिवस माझ्या अंगावरसून जाता. विहिरीवरसून घागर आणताना दोनदा बसतंय. तुमी म्हणतास, बायकांका होताच. आणि आता मशीन म्हणता बारा, म्हणून मी खोटी?" तिने नम्रतापुढे हात केला. "माका नऊवालो कागद दी गो. ह्यो बारावालो तुमच्या मालकाक ठेव."

बाबू बाकाकडे वळला.

नम्रताने दुसऱ्या कागदावर सही केली. खाली हाताने लिहिलं: चरबीमुळे पहिला निकाल चुकीचा; उपाशीपोटी चरबीची तपासणी करावी. मग गुरुदासच्या समोरच हॉस्पिटलला फोन लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उद्याचं रद्द करतो. त्यांना माझ्याकडे पाठवा."

सुगंधाला शिरेतून लोह दिलं. चरबीवर औषध सुरू झालं. दीड महिन्याने हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं, ऑपरेशन नीट पार पडलं.

'नाय येवचंय' म्हणालेली नम्रता मात्र त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला लॅबमध्ये हजर होती. गुरुदासने तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. तिने मशीनच्या वर भिंतीवर कागद चिकटवला: एमसीएचसी सदतीसच्या वर आला तर तपासल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जाणार नाही.

गुरुदासने तो फाडला. तिने दुसरा लावला.