मुठीतली बाटली

दत्ताकाकांनी लसीची बाटली मुठीत घट्ट धरलेली, बाहेर दहा ससे पिंजऱ्यात, आणि डॉक्टर वीणा आतून हाक मारतायत, "दत्तप्रसाद, आणताय ना?" आणि काका जागचे हलेचनात! थांबा, थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही.

आमचं क्लिनिक इकडे आखातात, सबाह अल-सालेमला. मी रिसेप्शनवर, काका असिस्टंट. मालवणचे, तिकडे पंधरा वर्षं मासळीच्या बर्फावर होते, इकडे बारा वर्षं कुत्री-मांजरं धरतायत. तर सध्या सशांचा तो आजार आलाय. रात्री ससा नीट खातो, सकाळी मेलेला, नाकातून रक्त. लसीच्या एका बाटलीत दहा डोस, उघडली की त्याच दिवशी संपवायची, म्हणून मी फोन करकरून दहा जणांना एकदमच बोलावलेलं, चार वाजता.

आणि त्याच दुपारी एक ते तीन लाइट जाणार असा मेसेज आला! डॉक्टर म्हणाल्या, बाटली थंड पेटीत ठेवा. काकांनी काय करावं? डीप फ्रीजरमधला बर्फ फोडला, बाटलीभोवती चेपला आणि वरून चक्क मीठ टाकलं!

मी म्हटलं, "काका, मीठ कशाला?"

"अगो बाय, मिठान बर्फ जास्त थंड जाता. सुरमय दोन दिवस ताजी ऱ्हवता."

मला काय कळतंय? मी म्हटलं, बरं.

पावणेचारला पेटी उघडली तर बाटली गोठून दगड. आणि लस गोठू द्यायची नाही, हे तर खोक्यावरच लिहिलेलं! काकांनी ती मुठीत धरली, दहा मिनिटं. वितळली. उजेडात बघितली, तर अगदी पहिल्यासारखी.

मी हळूच म्हटलं, "काका, नका बोलू. कोणाला कळणारे?" कारण पुढच्या महिन्यात त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू व्हायचा होता, आणि गेल्या वर्षी एकाने फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर त्याला सरळ घरी पाठवलेलं.

काका म्हणाले, "सशाक कळताला मा." आणि गेले आत.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. हातमोजे काढले फक्त. "गोठलेली लस म्हणजे पाणी, दत्तप्रसाद. आणि पुढची यायला दोन महिने. बाहेर तुम्हीच सांगा."

काकांनी सांगितलं. एकेका पिंजऱ्यापाशी जाऊन, दहा वेळा. "दवाई मेरे हाथ से खराब हो गया. डॉक्टर का गलती नहीं, मेरा है. खरगोश को घर में रखो, बाहर का घास मत दो, मच्छर से बचाओ."

फरजाना म्हणून एक बाई आहेत, सालमियाहून आलेल्या, त्या जाम भडकल्या. "इतनी गर्मी में आई हूँ! और मेरा खरगोश मर गया तो?"

काका म्हणाले, "तो भी गलती मेरा."

त्या पिंजरा उचलून गेल्या. बाकीचेही गेले. एक काशिफभाई तेवढे राहिले, ट्रकवाले, मांडीवर पांढरा ससा. म्हणाले, "भाईसाब, आए हैं तो नाखून ही काट दो."

काचेच्या केबिनमध्ये डॉक्टर मॅनेजरला मेल लिहीत होत्या. आम्हाला सगळं दिसत होतं. काकांनी तिकडे पाठ केली, खाली बसले, ससा टॉवेलात गुंडाळला आणि एकेक पाय बाहेर काढून नखं कापायला लागले. सशाला अठरा नखं असतात, माहितीये? मलाही तेव्हाच कळलं. प्रत्येक नखाला उजेडात धरून आतली लाल शीर बघायची, तिच्या अलीकडे कापायचं.

अठराच्या अठरा कापली. एकातूनही रक्त आलं नाही.

मग आतून हाक आली. काकांनी ससा काशिफभाईंच्या मांडीवर ठेवला, हात धुतले, कोटावरचे पांढरे केस एकेक करून वेचले आणि आत गेले.