खुर्च्या काढणाऱ्या बाई

माझी बायको शिक्षण अधिकारी होती. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांच्या वर्गांतून तिने शिक्षकांच्या खुर्च्या काढून टाकल्या. मास्तर फिरत राहिला तरच मागच्या बाकापर्यंत पोचतो, असं तिचं म्हणणं. पेपरात कौतुक झालं, लांबून माणसं शाळा बघायला आली. शिक्षकांनी मात्र तिला खुर्चीचोर नाव ठेवलं. घरी येऊन ती स्वतःच ते सांगून हसायची.

ती गेली आणि थोड्याच दिवसांत खुर्च्या परत मागणारा शिक्षकांचा अर्ज शहराच्या शिक्षण समितीपुढे आला. पहिली सही आमच्या मुलीची. ती शिक्षिका आहे, आणि पोटुशी आहे.

"आईला जाऊन किती दिवस झाले गं?" मी चिडून विचारलं.

"बाबा, पाय बघा माझे. चपलेत मावत नाहीत. आईलाही दाखवले होते."

"मग?"

"म्हणाली, तुला खुर्ची दिली तर लोक म्हणतील घरची म्हणून दिली. तुम्हाला तिच्या बाजूने बोलायचं तर बोला. मी माझं बोलणार."

बाईंचा नवरा म्हणून समितीने मलाही बोलावलं होतं. मी सायकली दुरुस्त करतो. सायकल न बघता तिचं दुखणं सांगणं मला जमत नाही. म्हणून हेडमास्तरांना विचारून मुलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही नापास झालात?"

"बघायला आलोय."

"तसंच म्हणायचं असतं," ती म्हणाली.

गणिताचा तास होता. माझी मुलगी बाकांमधून फिरत होती. मागच्या एकाने चुकलेलं उत्तर हाताखाली झाकलं, ते तिने लगेच पकडलं. मला बायकोचं पटलं. मग मुलगी भिंतीला टेकली. चेहरा पांढरा पडला होता. तेही मी बघितलं.

"सरका रे," म्हणत ती आमच्या पुढच्या बाकावर पोरांमध्ये बसली. सगळा वर्ग मागे वळला. फळ्याकडे पाठ करून पोरं तिथूनच गणित शिकली. उठताना दोन मुलींनी तिला हात दिला, अगदी सवयीने.

तास संपल्यावर मी विचारलं, "ही युक्ती आईची का गं?"

"छे! एकदा दम लागला म्हणून बसले. आता सगळेच बसतात."

"आईला माहीत होतं?"

"कोण सांगणार? बसायलाच बंदी होती ना!"

घरी जाऊन हे बायकोला सांगावं असं फार वाटलं. तिने खोदून खोदून विचारलं असतं.

समितीत मुलगी नीट बोलली. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई आज असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"नाहीच म्हणाली असती," मी म्हणालो. मुलीने मान खाली घातली. "पण आधी हिच्या वर्गात जाऊन बसली असती. मी बसून आलो. खुर्ची द्यायला हवी. ती कुठे ठेवायची, फळ्याजवळ की मागे पोरांजवळ, ते तुम्ही वर्ग बघून ठरवा."

समितीत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "नवऱ्यानेच बाईंचं म्हणणं मोडीत काढलं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मोडीत कुठे? बघा म्हणतायत." शेवटी ठरलं, सगळ्यांनी उद्याच शाळेत जायचं.

बाहेर आल्यावर मुलीने माझा दंड धरला.

"बाबा, एवढी सगळी मंडळी! त्यांना बसवू कुठे?"