द्राक्षमळ्याच्या पायथ्याचा खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसू नका, मित्रांनो. खड्डा म्हटला की तुम्हाला मोडलेली सायकल आठवते, हे मला ठाऊक आहे. पण हंगेरीतल्या टोकाय नावाच्या गावाच्या डोंगरउतारावर मला मुद्दाम खणलं, आणि तेही मोठ्या कौतुकाने.

या मळ्याच्या मालकीण एटेल्काबाई, त्यांच्या आजोबांनी मला द्राक्षांच्या ओळी संपतात तिथे, पायथ्याशी खणलं. कमरेइतका खोल. पावसाचं पाणी माती घेऊन खाली पळालं की त्याला अडवायचं, माती ठेवून घ्यायची आणि पाणी सोडून द्यायचं, हे माझं काम. इथली माती पिवळी, पिठासारखी मऊ. तेव्हा पाऊस तीन-तीन दिवस रिमझिम पडे आणि मी सावकाश भरे. मग घरची माणसं पाठीला अडकवायच्या लाकडी बादल्यांतून ती माती पुन्हा वेलींच्या बुंध्याशी नेत. ज्या बादल्यांतून द्राक्षं खाली येत, त्यांतूनच माती वर जाई. केवढा मान होता तो माझा!

पुढे पावसाने चाल बदलली. दोन-दोन महिने थेंब नाही, जमीन भाजून टणक, आणि मग तासाभरात सगळं आभाळ खाली. नेमकं तेव्हाच एटेल्काबाईंच्या जावयाने, बार्नाने, ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून मला छाटलेल्या फांद्यांनी बुजवून टाकलं. मला फार वाईट वाटलं. काम येत असून गप्प पडून राहणं सोपं नसतं.

यंदा ऑगस्टमध्ये एका सकाळी असाच पाऊस कोसळला. माती माझ्या डोक्यावरून धावत थेट गावच्या रस्त्यावर गेली. वरच्या ओळीत, आजोबांनी लावलेल्या वेलींची मुळं उघडी पडली. एटेल्काबाई त्या मुळांवरून हात फिरवत म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा ट्रॅक्टर आता झकास वळेल. वेली मात्र वाळतील."

"चुकलं माझं, आई," बार्ना म्हणाला. "पण नदीपलीकडे बघा, दुसरा ढग येतोय. आता येणारी मातीही हातची गेली, तर ही मुळं झाकायची कशाने?"

"मग बोलत काय बसलाय? फावडं घ्या."

मित्रांनो, काय ती दुपार! फांद्या भराभर निघाल्या, मला कित्येक वर्षांनी वारा लागला. लोण्याऐवजी चरबी लावलेला पाव आणि कांदा दोघांनी उभ्यानेच खाल्ला. पहिला थेंब पडला तेव्हा बार्ना अजून माझ्यातच होता. एटेल्काबाईंनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. आणि आलं की पाणी, पिवळं, गढूळ, उड्या मारत! मी काठोकाठ भरलो, पण रस्त्यावर एक ढेकूळ जाऊ दिलं नाही.

तेव्हापासून बार्ना बादल्या वाहतोय आणि एटेल्काबाई मुळांवर माती थापतायत. वळायला जागा नाही, म्हणून ट्रॅक्टर तो आता उलटा, मागे-मागे चालवत नेतो. मान आखडते म्हणतो. आखडू दे.

एवढंच सांगतो, मित्रांनो, मला भरलेला पाहून खूश होऊ नका. भरलेला खड्डा पुढच्या पावसाची माती धरू शकत नाही. ज्या वेलीची माती तिला लगेच वर नेऊन द्या आणि मला रिकामा करा. आज माझ्या तळाशी दोन बादल्या माती उरली आहे. वर एकाच वेलीचं मूळ उघडं आहे, आणि नदीपलीकडे पुन्हा काळं दिसतंय. तो बघा, बार्ना धावत येतोय.