जेवणाआधी एक खरं

मलकापूरच्या आप्पासोच्या पोटात चार वर्षं जाळ होता. भाकरी खाल्ली की जाळ, नाही खाल्ली की जास्त जाळ. ओवा झाला, सोडा झाला, मेहुण्याने औंधहून यमाईचा अंगारा आणला, तोही झाला. शेवटी त्र्याहत्तर साली तो कऱ्हाडच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने पोट दाबलं, जीभ बघितली आणि घरचं विचारलं. ऊस कधी तोडणार? बघू की. पोराचं लग्न? बघू की. औषध वेळेवर घेणार ना? बघू की.

"तुमच्या पोटात हेच साठलंय," डॉक्टर म्हणाला. "मनात हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा."

"दिवसातनं किती येळा?"

बाहेर चाळीस पेशंट खोळंबले होते. "सकाळ-संध्याकाळ. जेवणाआधी," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्याला आत बोलावलं.

तेव्हापासून आप्पासो दिवसातून दोनदा खरं बोलू लागला. दोनदाच. मात्रेबाहेर औषध घेऊन भलतंच काही व्हायला नको.

पहिल्याच सकाळी शेजारच्या कोंडीबाने खोरं मागितलं, तर आप्पासोने देत नाही म्हणून सांगितलं. मागच्या खेपेला दांडा मोडून आणला होतास, हेही सांगितलं. कोंडीबा हबकला. पण माणूस हुशार. दुपारी आप्पासोचं जेवण झाल्यावर पुन्हा आला आणि खोरं घेऊन गेला. आठवडाभरात गावाला वेळा पाठ झाल्या. गोड ऐकायचं त्याने दुपारी यावं, खरं ऐकायचं त्याने दिवस बुडताना. त्यामुळे दिवस बुडताना कोणीच येईना. मग आप्पासो गोठ्यात जाऊन म्हशीला खरं सांगायचा. म्हैस ऐकून घ्यायची. जाळ निम्म्यावर आला.

निम्म्यावरच अडला. उरलेला निम्मा ट्रंकेत होता. फौजेतल्या पोराचं, बाळासोचं, दोन वर्षांपूर्वीचं पत्र. त्यात लिहिलं होतं की मामाच्या मनूला मी बहीण मानतो, तिच्याशी लग्न करणार नाही, आईला आणि मामाला तुम्हीच सांगा. आईला, म्हणजे शालूबाईला, भाची सून म्हणून हवी होती. तिच्या थोरल्या भावाला, हंबीररावाला, लेकीसाठी बहिणीचं घर हवं होतं. दोघं विचारायचे, आप्पासो "बघू की" म्हणायचा, आणि दोघं त्याचा अर्थ हो असा धरून चहा प्यायचे.

एका सोमवारी हंबीरराव कडक फेटा बांधून, सुपारी घेऊनच एस्टीतून उतरला. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. आप्पासोने लांबूनच तो फेटा ओळखला आणि तडक गोठा गाठला. म्हशीला सांगितलं की तुझं दूध पातळ आहे आणि शिंगंही तुला शोभत नाहीत. संध्याकाळचा डोस उरकला. आता सकाळपर्यंत खोटं बोलायला तो मोकळा होता.

सोप्यात हंबीररावाने ताटलीत सुपारी ठेवली, शेजारी अडकित्ता.

"दाजी, फोडायची न्हवं?"

'बघू की' ओठांवर आलं आणि पोटातून असा जाळ उठला की आप्पासोने खांब धरला. म्हशीचा डोस लागूच पडला नव्हता.

"न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "बाळासोला ही सोयरीक नको हाय. दोन वर्सं झाली त्यानं लिवून. मी पत्र दडवलं."

आत चुलीपाशी शालूबाईची पळी थांबली.

हंबीररावाने अडकित्ता मिटून सुपारी पिशवीत टाकली. "दोन वर्सांत मनूला तीन ठिकाणं आली, दाजी. त्यात एक सांगलीचा मास्तर. तुमच्या भरवशावर समदी परत लावली."

"म्हाईत हाय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"मग आता काय गुदगुल्या व्हायल्यात?"

आप्पासोने यावर खरोखर विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली.

हंबीररावाने पिशवी उचलली. शालूबाई उंबऱ्यात आली. डोळे लाल होते, पण रीत म्हणून तिने जेवून जायला सांगितलं. हंबीरराव म्हणाला, भूक नाही.

"भूक हाय," आप्पासो म्हणाला. "दुपारपास्नं एस्टीत हायसा. आन् तुमी बसावं असं मला वाटतंय. उद्या मास्तराच्या घरी तुमच्यासंगं मी येतो. चूक कुणाची हुती ते माझ्या तोंडानं सांगतो."

किती डोस झाले, याचा त्याला आता पत्ता नव्हता.

हंबीरराव भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. शालूबाईने एकदम तीन भाकरी न विचारता वाढल्या, आणि त्यानेही पुरं पुरं म्हणत ताटावर हात आडवा धरला नाही. चौथ्या घासाला मात्र तो थांबला.

"शालू, कालवण खारट झालंय."

"व्हय," ती चुलीपुढून म्हणाली. "तुमी दोघं बोलत हुतासा तवा मूठभर मीठ टाकलं. यास्नी म्हणून टाकलं हुतं. पर भांडं एकच हाय."

शेजारी जेवायला बसलेल्या आप्पासोने आपलं ताट पुढे सरकवलं आणि आणखी एक पळी मागितली.