फळ्यावरची तारीख

कंपनीतले ड्रायव्हर तिला कुलूपताई म्हणत, आणि तिला ते बिरुद मनापासून आवडे. प्रत्येक ड्रायव्हरच्या तपासणीनंतर डॉक्टरांकडून दोन कागद येत. एक चिठ्ठी: हा माणूस अमुक तारखेपर्यंत गाडी चालवायला योग्य. दुसरं बंद पाकीट: रक्त, डोळे, कान, छाती, सगळं काही. चिठ्ठी फायलीत जाई. पाकीट जाई लोखंडी कपाटात, त्याला दोन कुलपं, आणि किल्ल्या ताईच्या कमरेला. एकदा एक ड्रायव्हर स्वतःचंच पाकीट मागायला आला, तर तिने त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, आणि सही जुळत नाही म्हणून पुन्हा लिहून घेतला.

पण तिची खरी शान म्हणजे फळा. पाण्याच्या पिंपाशेजारी टांगलेला, त्यावर रंगीत खडूने प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर आणि चिठ्ठी संपायची तारीख. मुदत संपलेला माणूस चुकून रस्त्यावर गेला तर कंपनीची नाचक्की, म्हणून ही युक्ती तिनेच काढली होती. ओळी सरळ याव्यात म्हणून ती फूटपट्टी वापरत असे.

मंगळवारी सकाळी तिच्या बाबांची चिठ्ठी आली. बाबा याच कंपनीत अकरा वर्षं एकच लाल ट्रक चालवत, दर आठवड्याला बंदरापर्यंतची लांबची फेरी. तो ट्रक आणि ती फेरी यांतच त्यांचा जीव. ऑफिसात ते लेकीला ‘मॅडम’ म्हणत आणि खुर्ची दिल्याशिवाय बसत नसत. चिठ्ठीवर लिहिलं होतं: योग्य, मुदत तीन महिने. ताईने ती ओळ दोनदा वाचली. पण काम ते काम. पाकीट न उघडता कपाटात, आणि तारीख हिरव्या खडूने फळ्यावर.

पिंपाजवळ पाणी प्यायला थांबलेल्या मंडळींनी ती वाचली. त्यांत एक होता भोंगा. त्याच्या पोटात काही राहिलं तर पोट दुखायचं.

“दोन वर्षं म्हणजे ठणठणीत,” तो हिशेब सांगू लागला. “वर्ष म्हणजे ब्लडप्रेशर. तीन महिने म्हणजे साखर. गेली तीन वर्षं बघतोय, एकदाही चुकलो नाही.”

अर्ध्या तासात मॅनेजर साहेब ताईच्या टेबलापाशी उभे.

“तुमच्या वडिलांची बंदराची फेरी काढतो. गावातल्या गावात चालवू देत. आणि ते पाकीट जरा दाखवा.”

“पाकीट दाखवता येणार नाही, साहेब. चिठ्ठीवर ‘योग्य’ लिहिलंय. त्या तारखेपर्यंत ते योग्यच आहेत.”

“अहो, साखर आहे त्यांना. सगळ्या कंपनीला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवलं. “भोंग्याचा हिशेब आहे, तारखेवरून आजार ओळखतो तो.”

ताई बघतच राहिली. दोन कुलपं कपाटाला, आणि कपाटातलं सगळं भिंतीवर, तेही तिच्याच अक्षरात, फूटपट्टी लावून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिची नजर फळ्याच्या शेवटच्या ओळीवर गेली. साहेबही आवारात गाड्या मागेपुढे करत, म्हणून त्यांचंही नाव तिथे होतं.

“साहेब, तुमची तारीख एका वर्षाची आहे,” ती शांतपणे म्हणाली. “भोंग्याच्या हिशेबाने तुम्हाला काय झालंय, ते मी समजू का?”

साहेबांनी डस्टर उचललं आणि खालून पुसायला सुरुवात केली. स्वतःची ओळ तर त्यांनी दोनदा पुसली.

“बंदराची फेरी आहे तशी राहू द्या,” ते डस्टर झटकत म्हणाले. “आणि तारखा तुमच्या वहीत ठेवा.”

दुपारी बाबा आले. कोऱ्या फळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले.

“मॅडम, माझी तारीख कुठे गेली?”

“माझ्या वहीत. संपायच्या आठ दिवस आधी तुमच्या हातात आठवणीची चिठ्ठी देईन.” तिने वही मिटली. “चुकलं माझं, बाबा.”

“ऑफिसात बाबा म्हणायचं नसतं,” ते म्हणाले, आणि ट्रककडे निघाले.

संध्याकाळी घरी तिच्या डोक्यात एकच विचार: आईला हे ठाऊक नसणार, आणि आपल्याला सांगता येणार नाही. आईने तिघांचे चहा ओतले. ताईच्या कपात दोन चमचे साखर, स्वतःच्या कपात एक, आणि बाबांच्या कपात शून्य. बाबा चहा पिऊन गच्चीवर गेले.

ताई कपाकडे टक लावून बघत होती.

“काय बघतेस?” आई म्हणाली. “महिना झाला. आपल्या घरच्या डॉक्टरांनी साखर असल्याचं सांगितलं, त्याच दिवशी ह्यांनी मला सांगितलं. म्हणाले, पोरीला कळू देऊ नकोस, तिच्या कामात तिला अवघड होईल.”

“महिनाभर? आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस?”

“आज भोंग्याच्या बायकोचा फोन आला होता. मोठी बातमी द्यायला. मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही, दूध उतू चाललंय.” आईने कप गोळा केले. “तुझ्यासारखी दोन कुलपं नाहीत गं माझ्याकडे. पण फळाही नाही.”