गाय नावाची हत्तीण

माझा नवरा मुनियसामी रिकाम्या हातानं, फाटकं जाळं ओढत घरी आला, तेव्हा मी चूल पेटवून त्याची वाट बघत होते. पांबनच्या किनाऱ्यावरून बातमी आधीच आली होती. त्याच्या जाळ्यात आवुळिया, म्हणजे समुद्रगाय, अडकली होती.

तिचं मटण पोटुशीच्या अंगी लागतं, असं माझी आई म्हणायची. आमच्या सेल्वीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा सातवा लागला होता आणि गोळ्या खाऊनही पोरीच्या अंगात रक्त भरत नव्हतं. तिला मारायला बंदी आहे, हा कायदा मलाही ठाऊक आहे. पण भीतीपुढे मला काही सुचत नव्हतं.

"कुठाय?"

"सोडली. जाळं कापून."

"लेकीपेक्षा जनावर जवळचं झालं तुम्हाला?"

"ओरडू नकोस गं. दुधानं भरलेली थानं होती तिची. आणि कुठं, तर काखेत! तुझ्या हत्तिणीसारखी."

मी देवळासमोर केळी विकते. तिथल्या हत्तिणीला रोज पहिलं केळं माझं असतं.

"गाय नुसतं आपण म्हणतो," तो म्हणाला. "वनखात्याचा माणूस सांगत होता, तिचं नातं हत्तीशी आहे. फार लांबचं. हत्तींचीही काळजीच आहे, पण ते देशात अजून हजारोंनी आहेत. या मात्र दोन-अडीचशे उरल्यात."

"लांबची नाती बरी सांभाळता येतात! माझ्या भावाकडे वर्षात एकदा जायला मात्र पाय दुखतात."

आतून सेल्वी भिंतीला धरून आली. "अप्पा, पिल्लू होतं तिचं?"

"होतं ना. जाळ्याबाहेर घिरट्या घालत होतं. ती सुटली तसं तिला चिकटूनच गेलं."

सेल्वीनं फाटकं जाळं मांडीवर ओढलं आणि सांधायला बसली. पोटातल्या बाळाला ऐकू जाव्यात म्हणून गेल्याच आठवड्यात बायकांनी तिला काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. सुई चालली की त्या वाजायच्या. माझा राग कुठे गेला, कळलंच नाही. मला रडू आलं.

सकाळी मी तिला देवळात घेऊन गेले. हत्तिणीपुढे केळ्यांची अख्खी फणी धरली. खाऊन झाल्यावर तिनं सोंड हलकेच सेल्वीच्या पोटाला लावली.

"तुझ्या बहिणीला आम्ही तिच्या पिल्लाकडे सोडलंय, बाई," मी म्हटलं. "आता आमचं तू बघ."