हुकमाचे रविवार

"मावशी, अजून विचार करा. अर्ज मागे घेणं सोपं असतं, पुन्हा करणं सोपं नसतं," कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला.

"विचार करूनच आलेय. दोन बस बदलून कुणी गंमत म्हणून येत नाही इथे."

"सिग्नलला गाड्या का थांबतात? लाल रंग आवडतो म्हणून? समोर पोलीस असतो म्हणून थांबतात. तो जेवायला गेला की बघा मजा."

"माझा मुलगा काय मालट्रक आहे?"

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकूनही हसला, पण कागद काही त्याने पुढे सरकवला नाही. "या खुर्चीत बसून माझे केस गेले, मावशी. हुकूम आहे म्हणून येतो तो. हुकूम काढलात की..."

"तेच तर बघायचंय मला," ती म्हणाली, आणि कागद स्वतःच ओढून घेऊन सही ठोकली.

सगळी हयात तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घातल्या होत्या. चादरीची घडी एकटीने होत नाही. समोर दुसरी बाई लागते, आणि दोघींनी आपापली टोकं घट्ट धरायची असतात. नवरा लवकर गेला, तेव्हा त्या चादरींवरच तिने मुलगा वाढवला. तो असा उंच वाढला की अख्खा धुलाईखाना त्याला लांब्या म्हणायचा.

लांब्याचं आणि तिचं भांडण असं कधी झालंच नाही. लग्न होऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याने, मग नुसता फोन, मग तोही नाही. अशी नाती तुटत नाहीत, झिजतात. आणि झिजताना आवाज होत नाही. तिचाही हट्ट होता: मी आई आहे, मी का फोन करू? मग एकदा ती न्हाणीत घसरून पडली. सकाळची संध्याकाळ झाली, तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरच्या मुलीने दार फोडवून तिला बाहेर काढलं. इस्पितळातल्या समाजसेविकेने विचारलं, "मुलगा आहे ना तुम्हाला?" तर ती म्हणाली, "होता."

म्हाताऱ्या आईबापांकडे पाठ फिरवणाऱ्या मुलांसाठी कायदा आहे म्हणे. रागाच्या भरात तिने अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांनी दोघांना समोर बसवलं आणि हुकूम दिला: दर रविवारी दोन तास आईकडे जायचं, नाही गेलास तर दंड.

आणि तो यायला लागला. पायांतले बूट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकायचा, फोनमध्ये तोंड खुपसायचा. वेळ भरली की उठायचा.

"झाले दोन तास."

"झाले. पावती देऊ?"

"नको. कारकुनाला सांग म्हणजे झालं."

शब्दांची ती टाचणी टोचत राहायची, पुढच्या रविवारपर्यंत.

पण लांब्याचे हात रिकामे बसणारे नव्हते. फर्निचरच्या दुकानात कामाला होता तो. लोकांच्या घरी जाऊन कपाटं, पलंग जोडून द्यायचा. एका रविवारी तिच्या कपाटाचं लोंबणारं दार त्याला बघवेना.

"हे बिजागर कुणी बसवलंय? गाढवाने?"

"तुझ्या बापाने."

तो थबकला, आणि मग दोघंही हसत सुटली. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत दोन माणसं एकदम हसली असतील. पुढच्या वेळी येताना तो हत्यारं घेऊन आला. नळ गळायचा थांबला, खिडकी लागायला लागली. बूट दाराबाहेर राहू लागले. एकदा तर चहा होईपर्यंत टेकतो म्हणून पलंगावर आडवा झाला आणि घोरायलाच लागला. दोन तास झाले, वर आणखी झाले. चहावर साय धरली, तरी तिने भांडं वाजू दिलं नाही. अंगावर चादर घालावी म्हणून उठली आणि घडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. जागा झाला तर जाईल.

अंधार पडता पडता तो दचकून उठला. "उठवायचं ना गं!"

"कशाला? दंड होतो का जास्त थांबलं तर?"

तो लाजल्यासारखा हसला आणि गार चहा पिऊन गेला.

सुख लागलं की माणसाला शंका सुचतात. हा माझ्यासाठी येतो, की कागदासाठी? एकदा, एकदाच, कुणी न पाठवता तो दारात उभा राहिलेला तिला बघायचा होता. म्हणून ती कारकुनाकडे गेली होती.

पहिल्या रविवारी तो आला नाही. थकला असेल, ती म्हणाली. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी वरची मुलगी बाळाला कडेवर घेऊन खाली आली. "काकू, फोन करा ना त्याला."

"मी कशाला? त्याला बोटं नाहीत?"

मग त्याचाच फोन आला, भर दुपारी. मागे ड्रिल मशीनचा आवाज.

"आई, काय करून बसलीस तू हे?"

"सोडवलं तुला."

"मी म्हटलं होतं सोडव म्हणून?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "रविवारी गिऱ्हाईक घरी असतं. सगळं जोडकाम रविवारीच. मालक कुणाला सोडत नाही. तो सरकारी कागद होता म्हणून गप्प बसायचा. आता हुकूम रद्द झाल्याचं पत्रही दुकानावरच आलं."

"आठवड्याला एक सुटी कायद्याने असते ना रे?"

"असते की. आमच्या भिंतीवर लावलाय तो कायदा, काचेच्या चौकटीत."

"मग सरळ सांग त्याला. आईला भेटायचंय म्हण."

ड्रिलचा आवाज थांबला.

"असं कसं सांगू? हसतात गं सगळे. चाळिशीला आलो मी."

"आधी नाही हसायचे?"

"आधी दंड भरायला नको म्हणून जातो म्हणायचो. त्याला कोण हसणार?"

फोन ठेवल्यावर ती पलंगावर बसून राहिली. कायद्याने त्याचं मन वळवलं की मन आधीपासून होतंच, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. पण त्या मनाला लोकांच्या नजरेपासून एक आडोसा मिळाला होता, आणि तो तिने आपल्या हाताने उपटून टाकला होता.

ती पुन्हा दोन बस बदलून गेली. कारकून "सांगितलं होतं ना" म्हणाला नाही. त्याने तिला आधी बसायला दिलं.

"नवा अर्ज करता येईल, मावशी. मुलगा विचारत नाही, वाऱ्यावर सोडलंय, असं शपथेवर सांगावं लागेल. मागच्या वेळी सांगितलंत तसंच."

"मागच्या वेळी ते खरं होतं."

"आणि आता?"

"आता त्याने नळ नीट करून दिलाय, दार बसवून दिलंय. शपथेवर खोटं बोलू? त्याच्याविरुद्ध?"

कारकुनाने चष्मा काढून पुसला. "यायची इच्छा असलेल्या मुलाला आणायचा कायदा अजून निघाला नाही, मावशी."

"नाही ना?" ती म्हणाली. उठताना तिने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

आता रविवारी वरची मुलगी डोकावते, बरं आहे ना विचारते. आईपण नवं असलं की सगळ्यांचीच काळजी वाटते. लांब्याची आई मात्र दरवेळी हात झटकते. "मला काय धाड भरलीय? त्याला बघा कुणीतरी. उन्हातान्हात लोकांच्या घरी राबतो, पाणी तरी विचारतात का कोण जाणे."

तेव्हा रविवारी तुमच्याकडे कुणी कपाट जोडायला आला, लांब असो की ठेंगणा, तर त्याला पाणी द्या आणि विचारा, तुझी आई कशी आहे? तो "बरी आहे" म्हणेल आणि उगाच खाली वाकून स्क्रू शोधू लागेल. त्याला म्हणा, दोन तास जाऊन ये, कपाट संध्याकाळी जोडलं तरी चालेल. आणि मालकाचा फोन आलाच, तर सांगा की आम्हीच त्याला अडवून ठेवलंय.